गुडघे टेकणारा डबा

किट्टू मामांच्या रेल्वेत एकेरी तिकीट मिळत नसे. नुसतं जायचं तिकीट मागणाऱ्या माणसाला खिडकीवरच्या कारकुनाने आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं आणि हळूच विचारायचं, घरी सगळं बरं आहे ना. हा नियम क्रमांक चार. आमच्या तंजावुरात तमिळ घर असो की मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'जाऊन येतो' म्हणतो. तेव्हा जी रेल्वे माणसाला फक्त जायचं तिकीट विकते ती अपशकुन विकते, असं मामांचं स्पष्ट मत होतं.

ही रेल्वे कुठेही धावत नव्हती. आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी वेळापत्रक मागायला नको. तिचं नाव 'इकडून-तिकडे रेल्वे'. मुख्यालय राजवाड्यामागच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांच्या घरापुढची तिण्णै, म्हणजे ओसरीवरचा सिमेंटचा ओटा. कर्मचारी दोन: मामा आणि मामी. मामा यंदा पोंगलच्या आधी गेले. माणसं मला म्हणाली, तू लिहितेस ना, मग चार ओळी लिही, पण जरा डोळे पुसत लिही. ते मला जमणार नाही. मामा आठवले की मला हसू येतं, आणि हसून झालं की राग येतो, कारण त्यांच्या खोट्या रेल्वेत जेवढा विचार होता तेवढा खऱ्या रेल्वेच्या एखाद्या फायलीत असता तर मला हे काम करावंच लागलं नसतं.

माझं काम म्हणजे पत्रकं लिहिणं, वाटणं आणि सरकारी ऑफिसांतल्या बाकांवर बसणं. प्रवाशांची एक छोटी संघटना आहे, तिच्यात मी सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत कर्कश. मराठी मी घरी बोलायला शिकले. वाचायला-लिहायला शिकले ती दोन वर्षं पुण्यात नोकरी केली तेव्हा. त्यामुळे माझी वाक्यं कुठे तुमची वाटतील, कुठे आमची. तशीच राहू देत.

मामा माझ्या नात्यातले नव्हते, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणायची; त्यांच्या दारात मी पहिल्यांदा गेले ती सही मागायला. तंजावूर आणि पापनाशमच्या मध्ये एक हॉल्ट आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं की तिथे तिकिटं विकणाऱ्या बाईंना उगाच त्रास होतो. भातशेताच्या कडेला एक पिवळी पाटी, एक टपरीएवढी खोली आणि फलाट म्हणून जमिनीवर ओतलेली खडी. गाडीची सगळ्यात खालची पायरी माझ्या कमरेला लागते. केळीच्या पानांचे भारे घेऊन बायका तिथे चढतात. म्हणजे आधी भारा आत फेकतात आणि मग दांडा धरून स्वतःला फेकतात. एका फुलवालीचं मनगट मोडलं, त्यावर मी पत्रक काढलं. आमच्याकडे पत्रकाला 'नोटीस' म्हणतात.

तिण्णैवर एक उंच, वाकलेले, पांढरी वेष्टी नेसलेले गृहस्थ कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पट्टी ठेवून रेघ मारत होते. त्यांनी रेघ पूर्ण होईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मग पत्रक घेतलं, नाकाजवळ धरून वाचलं आणि वाचता वाचता बोटांनी काहीतरी मोजलं.

"सात," ते म्हणाले.

मी विचारलं, काय सात.

"उद्गारचिन्हं. सात खिळे ठोकलेस ग. फळी कुठाय?"

मी चिडले. मी म्हटलं, बायका पडतायत, मनगटं मोडतायत, आणि तुम्ही चिन्हं मोजताय. ते शांतपणे म्हणाले, फलाटाची उंची किती, डब्याची किती, यात लिहिलेलं नाही. मी म्हटलं, ते सगळ्यांना माहीत आहे. ते म्हणाले, ज्याला माहीत आहे त्याला नोटीस कशाला द्यायची? आणि सही केली. सहीसुद्धा अशी की खाली पट्टीने रेघ मारून मगच पेन उचलला. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'नोटीस' झाले. ये ग नोटीस, बस ग नोटीस, नोटीसला कॉफी आण.

मामा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कालव्यांची दारं आणि मोऱ्या काढल्या. पण मनातून ते रेल्वेचे. तरुणपणी रेल्वेच्या नोकरीसाठी गेले होते, लेखी परीक्षा पास झाले आणि डोळ्यांच्या तपासणीत अडकले: त्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नसत. खात्याचं काही चुकलं नाही, असं ते स्वतःच सांगत. मी चालवलेली गाडी थेट कावेरीत गेली असती. मग त्यांनी घरी येऊन स्वतःची रेल्वे काढली आणि पहिली गोष्ट काय केली, तर सिग्नलमधून रंगच काढून टाकले.

त्यांच्या सिग्नलच्या जागी तंजावूरची मान हलवणारी बाहुली होती. खांबावर दोन पुरुष उंचीची बाहुली, जरीचं लुगडं नेसलेली. गाडीला यायची परवानगी असेल तर मान वर-खाली, नसेल तर डावी-उजवीकडे. रेखाटन मी पाहिलेलं आहे: स्प्रिंगचा व्यास, मानेचं वजन, वाऱ्याच्या दिवशी लावायची खीळ, सगळं. कोपऱ्यात नेहमीचा चौकोन: काढले, तपासले, मंजूर. 'काढले'पुढे मामांची सही. 'तपासले'पुढे मात्र सही नव्हती, बारीक अक्षरांत शेरा होता. भाषा मराठी, लिपी तमिळ, कारण आमच्यात बहुतेकांचं तसंच असतं. शेरा असा: 'आमच्या गावात मान कशीही हलली तरी अर्थ हो असाच होतो. अपघात होईल.'

तो शेरा मामीचा.

इथे त्या घराची कामाची पद्धत सांगायला हवी. मामांच्या खात्यात कुठलंही रेखाटन तपासणाऱ्याच्या सहीशिवाय टेबलावरून हलत नसे. निवृत्तीच्या दिवशी खातं सुटलं, शिस्त सुटली नाही. मग तपासणार कोण? रुक्मामामी. मामी शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिलाही तपासायला काहीतरी हवंच होतं. मामा सकाळी कागद काढत, मामी दुपारी भाजी निवडून झाली की चष्मा लावून तो वाचत असे आणि दहांतले आठ नापास करत असे. नापास कागद मामा टाकून देत नसत. ते दुरुस्त करत. पुन्हा देत. ती पुन्हा नापास करी. लग्नाला इतकी वर्षं झालेली दोन माणसं रोज एकमेकांना काहीतरी नवीन दाखवतात, असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. माझे आईवडील एकमेकांना फक्त गॅसची टाकी रिकामी झालेली दाखवतात.

गाड्या उशिरा येतात यावर मामांचा उपाय म्हणजे चाकांवरचं स्टेशन. गाडी मागे पडली की स्टेशनमास्तराने ब्रेक सोडायचा, आणि फलाट, पाटी, चहाचा गाडा यांसकट स्टेशन गाडीला सामोरं जाणार. आमची गाडी कधीच उशिरा येत नाही, मामा सांगत, आमचं स्टेशन लवकर पोचतं. मामीचा शेरा: 'फलाटावर झोपलेल्या माणसाला न विचारता दुसऱ्या गावी नेता येणार नाही.' यावर मामांनी आठ दिवस विचार केला आणि स्टेशनच्या एका टोकाला न हलणारा तुकडा जोडला, झोपणाऱ्यांसाठी. मग मंजूर.

इंजिनाला शिट्टीऐवजी नागस्वर, म्हणजे आमच्याकडची लांब सनई होती, पहाटेच्या गाडीला भूपाळम् राग, संध्याकाळच्या गाडीला कल्याणी, म्हणजे घड्याळ नसलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून वेळ कळावी. गार्डच्या डब्यात झोपाळा होता. सगळ्यात शेवटी 'निरोपाचा डबा': तो गाडीला जाड रबरी पट्ट्याने जोडलेला. गाडी निघाली तरी हा डबा आणखी पाव तास फलाटावरच राहणार, पट्टा ताणला जाणार, बोलणं संपलं की डबा सुटून धाडकन गाडीला जाऊन मिळणार. मी म्हटलं, आतली माणसं मरतील. मामा म्हणाले, बोलणं अर्धवट ठेवून गेलेली माणसं रोज मरतात ग, त्यांना कोण विचारतं. आणि गादीची जाडी वाढवली.

"आधी गाडी, मग रूळ," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. लोक आधी रूळ टाकतात आणि मग त्यावर जी बसेल ती गाडी आणतात; आधी गाडी कशी हवी ते ठरवा, रूळ तिच्या मागे येतील. माझं म्हणणं नेमकं उलट होतं. मी तिथे बसून त्यांची कॉफी प्यायचे आणि मनात म्हणायचे, लोकांना पायरी चढता येत नाही आणि हा माणूस झोपाळ्याच्या कड्या काढतोय. एकदा मोठ्याने म्हणालेही. पुढच्या महिन्यात द्वादशीला आमच्याबरोबर चल, मामा एवढंच म्हणाले.

त्या द्वादशीला मी तंजावूर स्टेशनवर गेले. मामीचे दोन्ही गुडघे गेलेले होते. दोन हातांत दोन काठ्या. पण तंजावूरचा फलाट उंच आहे, डब्यात शिरायला अडचण नाही. मामांच्या हातात आंबटभाजीचा डबा. आंबटभाजी म्हणजे आमच्या मराठी घरांतली चिंच घातलेली पालेभाजी, तिच्यावरून आमच्यात जाती नसल्या तरी पंथ आहेत. गाडी निघाली. बाहेर कापणीला आलेलं भात. मी विचारलं, कुठे चाललोय. मामी म्हणाली, सीतूकडे.

सीतू म्हणजे मामीची धाकटी बहीण. तिचं घर त्या हॉल्टच्या अगदी पाठीशी. परसातलं दार उघडलं की फलाट. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, गोठ्यात गाय, त्यामुळे तिचं पाऊल गावाबाहेर पडत नाही. आणि मामीला त्या हॉल्टवर उतरता येत नाही. मी लगेच पत्रकी डोकं चालवलं: पापनाशमपर्यंत जा, तिथला फलाट बरा आहे, तिथून ऑटो करा. मामी माझ्याकडे अशी पाहू लागली जशी ती चुकलेल्या बेरजेकडे पाहत असेल. त्यांच्या माहेरात ऑटो दारात थांबते ती बातमी घेऊन. आई गेली तेव्हा ऑटो आली, थोरला भाऊ गेला तेव्हा आली. परसातल्या दाराने बहीण येते, पुढच्या दारात ऑटोने सांगावा येतो. मी सीतूच्या काळजात धस्स करायला जाऊ का, मामीने विचारलं.

हॉल्ट आला. गाडी तिथे एक मिनिट थांबते. मामी दारात उभी, मामांनी तिचं कोपर मागून घट्ट धरलेलं, दुसऱ्या हातात मनगटी घड्याळ. खाली खडीवर एक ठेंगणी, नाकात दोन्हीकडे चमक्या घातलेली बाई, हात वर करून उभी. तिचं डोकं मामीच्या पावलांशी.

"अक्का, गुडघे?"

"आहेत दोन्ही. तुझा नवरा?"

"तोही आहे. भाजीत मीठ घातलंस का या खेपेला?"

"मागच्या खेपेलाही घातलं होतं. तुझी जीभ गेलीय."

डबा खाली गेला, मागच्या महिन्याचा रिकामा डबा आणि ताकातल्या वाळवलेल्या मिरच्यांची पिशवी वर आली. कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाच्या मुलाने दुचाकी घेतली, अमुकच्या लग्नात वांग्याचं गोत्सू फसलं. दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघी ऐकत होत्या. मामा मागून म्हणाले, चाळीस. मग म्हणाले, पन्नास. गाडी हलली. सीतूमावशी खडीवरून चार पावलं बरोबर चालली, मामी वाकून काहीतरी सांगत राहिली, आणि मग फक्त भात राहिलं.

"जाऊन येते म्हटलं नाही मी तिला," मामी जागेवर बसत म्हणाली.

"गेलीच नाहीस तर कसं म्हणणार," मामा म्हणाले.

पापनाशमला उतरून, समोरून येणाऱ्या गाडीने आम्ही परत आलो. येताना हॉल्टवर कुणी नव्हतं. गाईच्या धारेची वेळ. हे ते दर महिन्याला करत होते. एका मिनिटासाठी अख्खी सकाळ. मी मूर्ख होते, हे इथे एकदाच लिहिते. त्या रात्री मी झोपाळा, रबरी पट्टा, सगळं आठवत बसले. आणि मामांच्या रेल्वेतला सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त झालेला शोध: गुडघे टेकणारा डबा. देवळातला हत्ती माहूत वर चढताना पुढचे पाय मुडपतो, तसा हा डबा. हॉल्ट आला की चाकांवरच्या दांड्या मुडपून हळूहळू बसणार, दाराचा उंबरा जमिनीला लागणार, बाई उतरली की पुन्हा उठणार. त्या रेखाटनात माप दाखवायला एक बाई काढलेली होती. हातांत दोन काठ्या. आणि बाजूच्या पट्टीवरचं माप सेंटिमीटरमध्ये नव्हतं, गुडघ्यांत होतं: 'फलाट ते उंबरा, रुक्माचे दोन गुडघे.'

दुसऱ्या दिवशी मी मामांना म्हटलं, माझ्या अर्जासोबत खरी रेखाटनं जोडूया. आहे तो फलाट आणि हवा तो फलाट. मामांनी वेष्टी सावरली, नवा कागद लावला, हॉल्टवर दोनदा जाऊन फूटपट्टीने मापं आणली आणि पंधरवड्यात कागद तयार झाले. मला वाटलं होतं दोन होतील. झाले तीन. पहिला, आहे तो फलाट. दुसरा, उंच केलेला फलाट. तिसरा, 'पर्याय' म्हणून, गुडघे टेकणारा डबा. मी म्हटलं, हा कशाला? मामा म्हणाले, पर्याय नसलेला प्रस्ताव सरकार वाचत नाही, त्यांना काहीतरी नाकारायला लागतं. मी म्हटलं, तिसरा जाणार नाही, हसतील. मामा सरी म्हणाले. सरी म्हणजे ठीक. लखोटा त्यांनी बांधायचा आणि मी ऑफिसात द्यायचा असं ठरलं. दिला. पोच घेतली.

मग जे व्हायचं ते झालं, म्हणजे काहीच झालं नाही. मी बाकांवर बसले. मी आणखी दोन पत्रकं काढली, खिळे कमी करून. आणि एक दिवस संघटनेच्या पत्त्यावर उत्तर आलं. टाइप केलेलं, शिक्क्यांचं, चार टेबलांवरून फिरून आलेलं. 'आपल्या आराखड्यातील डबा किती खाली झुकेल आणि पूर्ववत होण्यास किती वेळ घेईल, याचा खुलासा करावा.'

मी ते पत्र घेऊन गल्लीत शिरले तेव्हा माझा चेहरा पाहून कुत्री बाजूला झाली.

घडलं होतं ते असं. मामीने पहिला कागद तपासून सही केली. दुसऱ्यावर केली नाही. मामांनी विनवलं, तरी नाही. आणि तिसऱ्यावर विचारण्याआधीच केली. आता तपासणाऱ्याची सही नसलेला कागद टेबलावरून हलत नाही. मामांपुढे प्रश्न उभा राहिला तो एवढाच, आणि उत्तरही त्यांच्या मते एकच होतं: सही नसलेला दुसरा कागद रेखाटनं ठेवायच्या नळीत परत, सही असलेला तिसरा लखोट्यात. माझ्या फुलवालीचं मनगट, माझ्या सह्या, माझी सगळी सकाळ-संध्याकाळ एका बसणाऱ्या-उठणाऱ्या डब्याला बांधून त्यांनी सरकारकडे पाठवली होती. तो कागद इतका नीट काढलेला होता, चौकोन, सह्या, मापं, की कुठल्याही टेबलावर कुणाला विचारायचं धाडस झालं नाही की हे काय आहे. प्रत्येकाने शिक्का मारून पुढे ढकलला.

मी तिण्णैसमोर उभी राहून खूप बोलले. पोरखेळ म्हणाले. म्हातारपणाचा खेळ म्हणाले. पडणारे लोक तुमच्या चित्रात नाहीत, असं म्हणाले, आणि ते खोटं होतं हे मला बोलतानाच माहीत होतं. मामांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा लग्नाच्या पत्रिकेसारखा उजळला.

"नोटीस, यांनी प्रश्न विचारलाय ग," ते म्हणाले. "प्रश्न विचारला म्हणजे फाईल जिवंत. आता जागा पाहिल्याशिवाय त्यांना ती बंद करता येणार नाही."

मी मामीकडे वळले. विचारलं, दुसऱ्या कागदावर सही का नाही केलीत? मामी आत भाजी चिरत होती, तिथूनच बोलली.

"गाडी गुडघे टेकेल, कारण ती ह्यांची आहे. फलाट सरकारचा, तो उठायचा नाही. आणि मी खोट्या कागदावर सही करत नाही."

मामांनी खुलासा पाठवला. खोली: दोन गुडघे. वेळ: देवळातला हत्ती घेतो तेवढा, कृपया प्रत्यक्ष पाहावे. तळटीप म्हणून: जागेची पाहणी द्वादशीला सकाळच्या गाडीच्या वेळी केल्यास सोयीचे. मी ते पत्र टपालात टाकलं, कारण माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

आणि माणूस आला. हे मी अजून कुणाला सांगितलं तर ते म्हणतात, नोटीस, तू वाढवून सांगतेस. तरुण इंजिनियर होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, तमिळ, काखेत तिसऱ्या कागदाची गुंडाळी. तो मोटारसायकलवरून हॉल्टवर आला. मी तिथे आधीच उभी होते, आणि सीतूमावशी परसाच्या दारात. त्याने मला ओशाळून विचारलं, हे कुठल्या खात्यातून आलंय? मी म्हटलं, येणाऱ्या गाडीतून उतरतील त्यांना विचारा. मग दुरुस्त केलं: उतरणार नाहीत, तेच तर आहे.

गाडी आली. मामी दारात, मागे मामा, त्यांच्या काखेत पत्र्याची नळी. सीतूमावशी हात वर करून धावली. भाजीचा डबा तिच्या हाताला लागेना, कारण त्या दिवशी गाडी दोन पावलं पुढे थांबली आणि तिथे खडी आणखी खचलेली होती. इंजिनियरने नकळत हात वर करून डबा मामीच्या हातून घेतला आणि मावशीला दिला. मग मिरच्यांची पिशवी वर देण्यासाठी त्याला टाचा उंच कराव्या लागल्या. मिरच्यांची पिशवी वर धरलेला तो माणूस वर पाहत होता: मामीच्या काठ्यांकडे, मग काखेतल्या कागदाकडे, मग पुन्हा काठ्यांकडे. त्याने तमिळमध्ये विचारलं, सर, डबा खाली येणं आणि फलाट वर जाणं, हिशेब एकच ना?

"एकच," मामा म्हणाले. "तुमच्या हातात आहे तो पर्याय. मूळ प्रस्ताव हा."

त्यांनी नळीतून दुसरा कागद काढला. पण दिला नाही. मामीपुढे धरला, दाराच्या पत्र्यावर टेकवला, पेनचं टोपण दातांनी काढलं. तपासलेलं नव्हतं ना. इंजिनियर खाली उभा, मी खाली उभी, मावशी बोलायची थांबली. मामांनी त्या खेपेला चाळीस-पन्नास काही म्हटलं नाही. मामीने चष्म्यावरून खाली पाहिलं, त्या मुलाच्या चेहऱ्याकडे, बराच वेळ, निदान मला तो बराच वाटला.

"उठवशील का रे फलाट?" तिने तमिळमध्ये विचारलं.

तो म्हणाला, अख्खा नाही जमणार, मामी. एका डब्यापुरता करता येईल.

तिने सही केली. करता करता गाडी हलली, त्यामुळे शेवटचं अक्षर लांब ओढलं गेलं. मामांनी वाकून कागद खाली सोडला आणि इंजिनियरने दोन पावलं धावून तो झेलला.

मध्ये भाताचं एक पीक गेलं. मी पत्रं लिहिली, फोन केले, एकदा भांडले. हे मी नम्रपणाने वगळणार नाही; कागद जिवंत असला तरी त्याला रोज पाणी घालायला माणूस लागतो. पण बांधलं. एका डब्याच्या लांबीपुरता उंच फलाट, सिमेंटचा, दोन्हीकडे उतार. केळीची पानं नेणाऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी तो आपला करून टाकला. त्यावर बसून त्या पानं दुमडतात आणि गाडी आली की उभ्या राहून चालत आत जातात. चालत. मी हा शब्द पत्रकात लिहिला असता तर त्याच्यापुढे खिळा ठोकला असता.

मामीची पहिली द्वादशी. मी आणि सीतूमावशी फलाटावर. मावशीने नवं लुगडं नेसलेलं आणि वर तक्रार की गाडी कधी नव्हे ती वेळेवर येणार, भात चुलीवर आहे. गाडी आली. दार बरोबर उंच तुकड्यापुढे थांबलं. मामीने आधी एक काठी बाहेर टेकवली, मग दुसरी. मग मधली जागा ओलांडून ती नुसती पुढे आली, जशी आपण स्वयंपाकघरातून माजघरात येतो. दोघी बहिणी बऱ्याच वर्षांनी एका उंचीवर उभ्या राहिल्या. मावशी ठेंगणी आहे हे त्यांना नव्याने कळलं असावं; मामी म्हणाली, तू आक्रसलीस ग. मावशी म्हणाली, तू वरून बघायला सोकावलीयस. आणि दोघी परसाच्या दाराकडे चालू लागल्या, एकाच वेळी बोलत.

मामा उतरले नाहीत. मला आधी कळलंच नाही. ते डब्याच्या दारात उकिडवे बसले होते, लाकडी फूटपट्टी घेऊन, उंबरा आणि फलाट यांच्यामधली फट मोजत होते. एका टोकाला मोजली, मग दुसऱ्या टोकाला. वहीत लिहिलं. पुन्हा मोजलं. मी हाक मारली, मामा, उतरा. त्यांनी एक बोट वर केलं, थांब, रेघ पुरी होऊ दे. आणि गाडी सुटली.

ते गडबडले नाहीत. उभे राहिले, दांडा धरला आणि फूटपट्टी वर करून हलवली, गार्ड हिरवा झेंडा हलवतो तशी, ज्याला हिरवा दिसतच नव्हता त्या माणसाने.

"जाऊन येतो," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मला संघटनेच्या कामाने दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं आणि मी परतले तेव्हा तिण्णै रिकामी होती. माझ्यासाठी मामा तिथेच आहेत, पापनाशमच्या दिशेने जाणाऱ्या दारात, पांढरी वेष्टी फडफडतेय, पट्टी उंच.

त्या सकाळी मी पळत जाऊन मामीला सांगितलं, मामा गाडीतच राहिले. तिने वळूनही पाहिलं नाही. तिचं पाऊल परसाच्या उंबऱ्यावर होतं.

"येतील समोरच्या गाडीने," ती म्हणाली. "आले की सांग त्यांना, चार बोटं फट राहिलीय. माझी काठी अडकली. या फलाटाला मी मंजूर म्हणणार नाही. नवा कागद काढायला सांग."